फाट्यावर काय काय मिळतं

टेलिफोन खात्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं चौकशीच्या टेबलावर गेली. लोक फोन करून नंबर विचारायचे, आम्ही जाडजूड पुस्तकांतून तो शोधून सांगायचो. पण माणसं नुसता नंबर विचारून थांबत नसत. पेटीचे सूर जुळवून देणारा कोण आहे, पितळेच्या भांड्यांना कल्हई कुठे लावून मिळेल, मांजराचा डॉक्टर असतो का, असलेही प्रश्न यायचे. नियमाप्रमाणे आम्ही फोन ठेवायला हवा होता. मी ठेवत नसे. मला त्या प्रश्नांचीच जास्त गंमत वाटायची.

निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलच्या घरात बसून मला कंटाळा आला. ओळखीतून एका छोट्या संस्थेत जायला लागले. पनवेलपासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी, संस्थेचं एक वाचनघर आहे. आसपासच्या वाड्यांमधली मुलं तिथे येतात. मुलांना शिकवायला, झाडं लावायला, दुरुस्तीची कामं करायला बाहेरगावाहून स्वयंसेवक येतात. कोणी पंधरा दिवस राहतं, कोणी दोन महिने. त्यांच्यासाठी मागे दोन खोल्या बांधल्या आहेत. मी आठवड्यातून तीन दिवस एसटीने जायचे, वाचनघराची पुस्तकं सांभाळायचे.

संस्थेचं काम बघणाऱ्या बाई एक दिवस वैतागून म्हणाल्या, की येणारा प्रत्येक जण त्यांना तेच तेच विचारतो. कपडे कुठे धुऊन मिळतील, चष्म्याचा स्क्रू पडला तर काय करायचं, पोट बिघडलं तर कोणाकडे जायचं. मग माझ्याकडे बघून त्यांना एकदम आठवलं. "तुम्ही चौकशीत होतात ना? मग एक कागद करा. कुठे काय मिळतं ते सगळं लिहा. खोल्यांमध्ये लावून टाकू."

दुसऱ्याच दिवशी मी वही घेऊन फाट्यावर गेले. आमचा फाटा म्हणजे पनवेलहून येणारा रस्ता जिथे दुभंगतो ती जागा. एक रस्ता गावात जातो, दुसरा वाड्यांकडे चढतो. दोन्ही बाजूंना मिळून पंधरा-सोळा दुकानं. कित्येक महिने मी तिथे एसटीतून उतरत होते, पण वडापावची गाडी सोडली तर कुठे थांबले नव्हते.

पहिल्यांदा किराणा दुकानात गेले. तिथल्या वहिनी गल्ल्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. मी वही उघडून, दुकान किती ते किती उघडं असतं, असं विचारलं. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"कशाला लिवताय? रस्ता रुंद व्हनार हाय का?"

पनवेलच्या आसपास वही घेऊन फिरणाऱ्या माणसाला हा प्रश्न ठरलेला. गेल्या काही वर्षांत इथे वही आली की पाठोपाठ मोजणी येते आणि मोजणीपाठोपाठ नोटीस. मी त्यांना वाचनघराच्या पाहुण्यांसाठी लिहितेय म्हणून सांगितलं. तेव्हा त्या हसल्या आणि मला आतल्या बाजूला घेऊन गेल्या. सगळ्यात खालची एक फळी त्यांनी दाखवली. तिच्यावर कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, चिमटे, मेणबत्त्या, मीठ न लावलेले शेंगदाणे, साबणाच्या छोट्या वड्या आणि कुलपं होती. त्या तिला पाव्हण्यांची फळी म्हणत. कुठल्याशा पाहुण्याने येऊन एखादी वस्तू मागितली आणि ती नसली, की त्या पुढच्या खेपेला ती आणून ठेवायच्या. पुण्याच्या एका मुलाने जनावराचं नसलेलं दूध मागितलं होतं. ते काय असतं, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. त्यांनी मलाच विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. सोयाबीनला दूध येतं हे ऐकून त्यांनी विषयच बदलला.

मग मला नादच लागला. मी काय विकता हे विचारायचं सोडून दिलं आणि बाहेरचे लोक तुमच्याकडे काय मागतात, हे विचारायला लागले. शिंप्याने सांगितलं, की पाहुणे कपडे शिवून घेत नाहीत, पण शिवलेल्या कपड्यांना खिसे लावून घेतात. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात म्हणून मुली तक्रार करतात. त्यांचं बघून आता गावातल्या दोन शिक्षिकाही कुडत्याला खिसा लावून घेऊ लागल्या होत्या. केशकर्तनालयातल्या माणसाची गोष्ट याहून मजेची होती. मागच्या वर्षी एक मुंबईची मुलगी सरळ त्याच्या खुर्चीत येऊन बसली आणि केस कानापर्यंत काप म्हणाली. आत बसलेले सगळे पुरुष उठून बाहेर गेले. त्याने आयुष्यात बाईचे केस कापले नव्हते. एका तासात, घामाघूम होऊन, त्याने ते काम केलं. तेव्हापासून मंगळवारी दुपारी, दुकान बंद असतं त्या वेळात, पाठीमागच्या दाराने गावातल्या दोन-तीन मुली येतात, असं त्याने मला हळूच सांगितलं आणि हे लिहू नका म्हणाला. मी कागदात लिहिलं नाही.

शिंप्याच्या शेजारी घड्याळवाल्या चाचांची काचेची टपरी होती. मी गेले तेव्हा ते डोळ्याला भिंग लावून काहीतरी करत होते. टपरीच्या बाहेर मोबाईलची कव्हरं आणि चार्जर इतके टांगलेले होते, की आतला माणूस जेमतेम दिसत होता. मी दोन मिनिटं उभी राहिले. ते कामातून वर बघेनात. मी वहीत 'मोबाईल कव्हर, चार्जर, घड्याळाचे सेल' एवढं लिहिलं आणि पुढे गेले.

कागद छान झाला. मराठीत आणि इंग्रजीत, दुकानांना आकडे देऊन, खाली छोटा नकाशा काढून. दोन्ही खोल्यांच्या दारामागे तो चिकटवला. मला त्याचा बराच अभिमान वाटत होता.

थंडी सुरू झाल्यावर नाशिकहून एक निवृत्त शिक्षिका दोन महिन्यांसाठी आल्या. माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठ्या, बारीक, ताठ चालणाऱ्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायला लागले. त्यांचा डावा कान लहानपणीच गेलेला होता आणि उजव्या कानाला यंत्र होतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकलं. मुलांना यंत्र काढून दाखवलं, हातात धरू दिलं. माझ्याशी बोलायचं तर उजवीकडून बोला, तोंडावर हात ठेवू नका आणि ओरडू नका, एवढ्या तीन अटी त्यांनी घातल्या. मुलं त्या अटी तंतोतंत पाळायची.

त्यांनी मोठ्याने वाचायचं शिकवायला घेतलं. आमची मुलं मनात वाचायची, पण मोठ्याने म्हटलं की तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. मास्तरीणबाई समोर बसून कान पुढे करायच्या आणि ऐकू येईपर्यंत पुन्हा वाच म्हणायच्या. ऐकू येत नाही हे त्यांच्या बाबतीत खरंच असल्यामुळे मुलांना राग यायचा नाही. महिनाभरात मुलांचे आवाज सुटले. मग ठरलं, की एका रविवारी मुलांनी आईबापांसमोर वाचायचं.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी मी पुस्तकं लावत असताना मास्तरीणबाई यंत्र हातात घेऊन माझ्याकडे आल्या. कानाच्या मागे बसतं ते यंत्र आणि कानात बसतो तो साचा, या दोघांना जोडणारी एक बारीक पारदर्शक नळी असते. ती पिवळी पडून ताठ झाली होती आणि वळणावर तडकली होती. यंत्र नुसतं शिट्टी मारत होतं. जास्तीची नळी त्यांनी नाशिकहून निघताना पिशवीत टाकली नव्हती. मी पनवेलच्या एका दुकानाला फोन लावला. नळी बसवणारा माणूस सोमवारी येईल, असं ते म्हणाले.

हे मी एका मुलाच्या पाटीवर लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, मग खोलीत जाऊन दारामागचा माझा कागद वाचला. परत येऊन, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "तुमच्या कागदात कानाचं काही नाही."

मला ते लागलं. त्यांचा तसा उद्देश नव्हता, पण लागलं. मी पाटीवर लिहिलं, 'चला, विचारून बघू.'

आम्ही दोघी फाट्यावर गेलो. आधी किराणावाल्या वहिनींकडे. त्यांनी नळी उन्हात धरून बघितली आणि म्हणाल्या, की असलं मशीन त्यांच्या सासऱ्यांनाही मिळालं होतं. पनवेलला कसलंसं शिबिर झालं होतं, तेव्हा गावोगावच्या म्हाताऱ्यांना गाडीत घालून नेलं होतं. आता ते मशीन कपाटात पडलंय. नळीचं मात्र त्यांना काही सुचेना. त्यांनी सायकलवाल्याकडे जा म्हणून सांगितलं.

सायकलवाल्याने चाकाच्या व्हॉल्व्हला लागते ती काळी रबराची नळी काढून दिली. जाडीला ती बरोबर होती. पण वळवली की चेपून बंद व्हायची. त्याने दोनदा प्रयत्न केला. मग त्याला वाटलं, हे दवाखान्याच्या जातीचं काम आहे, औषधवाल्या बाईंना दाखवा.

औषधाच्या दुकानातल्या बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी तुटकी नळी हातात घेतली, बोटांत फिरवली, गल्ल्यातल्या मोजपट्टीवर ठेवून मोजली. मग आत गेल्या आणि एक लांबट पाकीट घेऊन आल्या. अशक्त तान्ह्या बाळाला नाकातून दूध द्यायची नळी होती ती. उपकेंद्रातल्या नर्सताईंना अधूनमधून लागते म्हणून त्या दोन-चार ठेवत. ही मऊ आहे, कातडीला त्रास देत नाही, दहा नंबरची बसेल, असं त्या म्हणाल्या. मास्तरीणबाईंनी ती दोन बोटांत दाबून पाहिली आणि मान हलवली. बसवणार कोण, हा प्रश्न होता. साच्यातलं भोक विणायच्या सुईएवढंच मोठं, त्यातून जुनी नळी काढून नवी ओढायची.

"चाचांकडे न्या," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "त्यांच्यासारखा हात इथे कोणाचाच नाही."

चाचा म्हणजे तेच, ज्यांच्यासमोर मी तीन वस्तूंची नावं लिहून पुढे गेले होते.

या वेळी ते लगेच वर बघून बोलले. सत्तरीच्या घरातले, पांढरी दाढी, बोटं मात्र एखाद्या मुलीसारखी निमुळती. त्यांनी यंत्र एका फडक्यावर ठेवलं, भिंग लावलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग चिमट्याने जुनी नळी साच्यातून ओढून काढली. भोकातली घाण तारेने साफ केली. नव्या नळीचा एक भाग कापून घेतला, त्याचं टोक तिरकं तासून निमुळतं केलं, एक केसासारखी तार दुमडून तिचा फासा त्या टोकात अडकवला आणि नळी साच्यातून इकडून तिकडे ओढून घेतली. पहिल्या वेळी तार तुटली. दुसऱ्या वेळी नळी आली. जास्तीचं टोक त्यांनी ब्लेडने अगदी सपाट कापलं.

आता वळण द्यायचं होतं. नळी तशीच वळवली तर चेपेल, हे त्यांनाही दिसलं. त्यांनी शेजारच्या चहावाल्याकडून उकळत्या पाण्याचा पेला मागवला, नळी पाण्यात धरली, मग पेनच्या नळकांड्याभोवती वळवून गार पाण्यात बुडवली. वळण तसंच राहिलं. मास्तरीणबाई दुकानाच्या फळीवर कोपर टेकून इतक्या जवळून बघत होत्या, की चाचांना दोनदा त्यांना मागे सरायची खूण करावी लागली.

यंत्र कानाला लावल्यावर त्यांनी आधी डोकं इकडेतिकडे हलवून पाहिलं. मग वळून चहावाल्याच्या फरफरणाऱ्या स्टोव्हकडे पाहिलं.

"येतंय का कानावर?" चाचांनी मोठ्याने विचारलं.

"येतंय," त्या म्हणाल्या. "आता ओरडू नका."

आम्ही निघणार होतो. तेवढ्यात चाचा म्हणाले, "बाई, जरा तशरीफ ठेवा. एक विचारायचंय." त्यांनी आतल्या कप्प्यातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि उघडून पुढे ठेवला. आत कानाची मशीनं होती. दहा तरी असतील. काहींच्या नळ्या तुटलेल्या, काहींवर दोरा गुंडाळलेला.

मग त्यांनी सांगितलं. त्या शिबिरात मिळालेल्या मशीनांबरोबर सेलचं एकेक पाकीट मिळालं होतं. ते संपल्यावर लोक बंद मशीन घेऊन त्यांच्याकडे यायला लागले, कारण सेल म्हटलं की फाट्यावर चाचाच. त्यांच्याकडे तेवढ्याच मापाचा घड्याळाचा सेल होता. तो बसायचा. मशीन चालू व्हायचं. दोन-तीन दिवसांत बंद पडायचं. माणूस परत यायचा, पुन्हा सेल, पुन्हा तेच. मग काही जण मशीन त्यांच्याकडेच टाकून गेले. ही चीज घड्याळापेक्षा सोपी दिसते, मग टिकत का नाही, हे त्यांना कोडं होतं.

मास्तरीणबाईंनी डब्यातलं एक मशीन घेतलं आणि नखाने त्याचं बारीक दार उघडलं. आतला घड्याळाचा सेल त्यांनी तळहातावर घेतला. मग पर्समधून स्वतःचा एक नवा सेल काढून शेजारी ठेवला. दोन्ही हुबेहूब सारखे. फक्त त्यांच्या सेलला एक रंगीत चिकटपट्टी होती. त्यांनी ती सोलली. खाली सुईने टोचल्यासारखी भोकं होती.

"याला हवा लागते," त्या म्हणाल्या. "पट्टी काढायची, मिनिटभर हवा खाऊ द्यायची आणि मग घालायचा. हा वेगळाच सेल आहे. घड्याळाचा याच्यात पुरत नाही."

चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्या भोकांवरून त्यांनी नख फिरवून पाहिलं.

"म्हणजे मशीनं चांगली होती."

"बहुतेक."

"मी लोकांना सांगत होतो, फुकटचं हाय, टिकणार नाय." ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मी ते लिहून घेणार होते. "पाच वर्षं सांगत होतो."

मास्तरीणबाईंनी आपला तो सेल त्या मशीनमध्ये घातला आणि मशीन मुठीत धरलं. ते बारीक शिट्टी मारायला लागलं. यंत्र जिवंत असलं की मुठीत शिट्टी मारतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं होतं. शिंपी शिवण थांबवून बघायला आला.

रविवारी मुलांनी वाचलं. वाडीवरची माणसं सतरंजीवर बसली होती. एका मुलीचा आवाज मुळातच इतका बारीक, की मलाही तो शेवटच्या रांगेत ऐकू आला नाही. मास्तरीणबाई मात्र तिच्या समोर बसून शेवटपर्यंत ऐकत होत्या आणि दोन ठिकाणी, जिथे तिने शब्द चुकवला, तिथे भुवया उचलत होत्या. बाळाच्या नळीने काम नीट केलं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी पुन्हा चौकशीच्या टेबलावर होते असंच म्हणायला हवं. चाचांनी मुंबईतल्या त्यांच्या घड्याळाच्या व्यापाऱ्याकडून हवेचे सेल मागवले. पण डब्यातली मशीनं कोणाला द्यायची? प्रत्येक साचा एकाच माणसाच्या कानाच्या मापाचा, दुसऱ्याला तो बसत नाही. चाचांनी नावं लिहिली नव्हती. त्यांना माणसं आठवत होती ती अशी: वरच्या वाडीतला बैल विकणारा, जिची सून शाळेत खिचडी करते ती, एसटीत कायम पुढच्या सीटवर बसायचा तो. मी वहीत हे सगळं लिहिलं आणि शोधायला लागले. किराणावाल्या वहिनींना निम्मे ओळखता आले. केशकर्तनालयातल्या माणसाने दोन ओळखले, साच्याचा आकार बघून. इतकी वर्षं त्यांच्या कानांभोवती कात्री चालवल्यावर कान लक्षात राहतात, असं तो म्हणाला. मी ती दोन्ही नावं वहीत लिहून घेतली.

त्यातले दोघे वारले होते. एकाच्या घरी मी स्वतः गेले. त्याच्या सुनेने मशीन हातात घेतलं, पदराने पुसलं आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. तिने मला चहा दिला.

गुरुवारी फाट्यावर आठवड्याचा बाजार असतो. सेल आल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी शिंप्याने आपलं बाकडं चाचांच्या टपरीसमोर आणून ठेवलं. मास्तरीणबाईंची एक अट होती, की फाट्यावर आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी आधी प्रत्येकाचा कान बघायचा. ते फार बरं झालं. दोघांच्या कानात नुसता मळ होता. एका काकांच्या कानातून कापसाचा बोळा निघाला. तो कधी घातला होता हे त्यांना आठवेना. बोळा निघाल्यावर त्यांना मशीन लागलंच नाही आणि त्यांचा थोडा विरसही झाला.

सगळं काही सुरळीत झालं नाही. तीन मशीनं गंजून गेलेली होती. ती उघडून चाचा खूप झगडले, पण त्यांत जीव आला नाही. वहिनींच्या सासऱ्यांचं मशीन चालू झालं, त्यांनी दोन दिवस घातलं आणि पुन्हा कपाटात ठेवून दिलं. घरात दिवसभर टीव्ही किती मोठ्याने चालू असतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी म्हणे सगळ्यांना बोलावून विचारलं, तुमी ह्यात ऱ्हाता कसे?

गव्हाणची एक मावशी दर गुरुवारी टेम्पोतून मासळी घेऊन आमच्या बाजाराला येते. खाडीकाठची बाई, हातभर हिरव्या बांगड्या, आवाज खणखणीत. तिचं मशीन डब्यात होतं. चाचांनी नवी नळी घातली, सेल घातला, मास्तरीणबाईंनी ते तिच्या कानाला लावलं. तिने बाकड्यावर बसूनच मान चारी बाजूंना फिरवली.

"येतंय आयकू," ती म्हणाली. "लई येतंय. समदा बाजार येतोय."

ती हसत उठून आपल्या मासळीच्या पाटीपाशी गेली. तासाभराने मी कोळंबी घ्यायला गेले, तर मशीन तिच्या कानाला नव्हतं. बिघडलं का, असं मी खुणेने विचारलं. तिने कंबरेची पिशवी थोपटली.

"हाय की. गिऱ्हाईक भाव करतंय तवा नाय घालत. आयकलं तर कमी करावा लागतो."

आता ती टेम्पोत बसल्यावर ते लावते आणि गव्हाणला पोचेपर्यंत ड्रायव्हरशी बोलते, असं मला नंतर ड्रायव्हरनेच सांगितलं. तो फार खूश दिसला नाही.

मास्तरीणबाई नाशिकला परत जायच्या आधी आम्ही दोघींनी मिळून माझा कागद पुन्हा लिहिला. दुकानांची नावं आणि आकडे काढून टाकले. त्याऐवजी प्रश्न लिहिले: खिसा लावायचाय, बारीक वस्तू जोडायचीय, कसली तरी नळी हवीय, कोणाचा पत्ता लागत नाही. आणि प्रत्येकासमोर कोणाला विचारायचं ते. मंगळवारी दुपारचं मात्र आम्ही याही वेळी लिहिलं नाही. त्या गेल्या त्या दिवशी चाचांनी त्यांना नळीचे चार तुकडे, नीट वळण दिलेले, एका घड्याळाच्या डबीत घालून दिले.

त्या गेल्यानंतर पंधराएक दिवसांनी, गुरुवारीच, वरच्या वाडीतले ते बैल विकणारे आजोबा खाली आले. डब्यातलं शेवटचं मशीन त्यांचं होतं. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना इतके दिवस उतरता आलं नव्हतं. आता नातवाच्या मोटारसायकलवर बसून आले. डॉक्टरांनी कान बघितला होता. चाचांनी मशीन तयारच ठेवलं होतं. या वेळी मास्तरीणबाई नव्हत्या, म्हणून त्यांच्या उजव्या कानाला ते लावायचं काम मी केलं. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

मी उजवीकडून, न ओरडता, ऐकू येतंय का असं विचारलं. त्यांनी हाताने मला थांबवलं. ते काहीतरी दुसरंच ऐकत होते.

"ह्यो कसला आवाज?"

मी इकडेतिकडे पाहिलं. शिंप्याचं मशीन बंद होतं. चहावाल्याचा स्टोव्ह विझलेला. मग मलाही ते ऐकू आलं, डोंगराकडून येणारं, आपण आता ज्याच्याकडे लक्षही देत नाही ते. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या डोक्यावरून विमानं उतरायला जातात. मी वर बोट दाखवलं.

आजोबांनी कपाळावर हात धरून आभाळात पाहिलं. विमान त्यांनी वाडीवरून रोज बघितलं होतं, असं ते म्हणाले. पुष्कळदा, अगदी खालून जाताना. पण ते घारीसारखं आवाज न करता जातं, असंच त्यांना वाटत आलं होतं. एवढं मोठं धूड आणि आवाज नाही, याचं त्यांना नवलही वाटायचं, पण विचारणार कोणाला.

"रोज असाच येतो?" त्यांनी चाचांना विचारलं.

चाचा म्हणाले, "रोज. आता तर रात्रंदिस."

विमान डोंगराआड खाली गेलं. आवाज हळूहळू विरला. नातवाने मोटारसायकल चालू केली आणि चला म्हणून खूण केली. आजोबा उठले नाहीत. त्यांनी त्याला गाडी बंद करायला सांगितली, काठी बाकड्याला टेकवली आणि दुसरं विमान कधी येतं, असं मला विचारलं. मला माहीत नव्हतं. चाचांनाही नव्हतं. मी शिंप्याच्या बाकड्यावर त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि आम्ही दोघं डोंगराकडे बघत थांबलो.